अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे आणि गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची घडण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळेचा शिक्षक कोठे तयार होतो असे विचारले, तर तेथील सरकारी दप्तर सांगते की तो विद्यापीठात तयार होतो: चार वर्षांची पदवी, अध्यापनशास्त्राचा अभ्यास, शाळेतील उमेदवारी आणि शेवटी राज्याच्या खात्याचा परवाना, असा तो क्रम आहे. हे उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. कारण ज्या तरुणीच्या हाती शेवटी विद्यापीठाची सनद पडते, तिने बीजगणित, अपूर्णांकांचा अभ्यास, रसायनशास्त्राचे पहिले प्रयोग आणि कित्येकदा कलनाची सगळी सत्रे आपल्या गावाजवळच्या कम्युनिटी कॉलेजात पुरी केलेली असतात, आणि ती विद्यापीठाच्या दारी पोहोचते तोवर तिच्या गणिताचे जे बरेवाईट व्हायचे ते बहुतांशी होऊन चुकलेले असते. १९९८ साली उच्चशिक्षणाच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षक तयार करणाऱ्या संस्थांनी दरसाल अहवाल द्यावा असे ठरले, तेव्हा परवान्यासाठी उमेदवाराची शिफारस करणारी संस्था तेवढीच जमेस धरण्यात आली. पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या संस्थांसाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. एकूण शिक्षकांपैकी किती जण या कॉलेजांतून गेले याचे अंदाज परस्परांशी जुळत नाहीत, याचे कारण हेच.

आपल्याकडील वाचकांसाठी एक खुलासा येथेच करणे इष्ट. आपले ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत बारावी शाळेतच संपते, आणि तेथील ज्युनिअर अथवा कम्युनिटी कॉलेज पदवीच्या चार वर्षांपैकी पहिली दोन सांभाळते. पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज म्हणून ज्याचा मान चालत आला आहे ते इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांची धारणा अशी की, ही पहिली दोन वर्षे म्हणजे शालेय शिक्षणाचीच पुढील वाढ असून विद्यापीठाने आपले बळ नंतरच्या वर्षांवर व संशोधनावर खर्चावे. जोलिएटच्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी ती धारणा उचलून धरली आणि सहा विद्यार्थ्यांवर कॉलेज सुरू केले. म्हणजे विद्यापीठांना जी वर्षे जड वाटत होती ती दुसऱ्या कोणी वाहावीत, हा हेतू या संस्थेच्या पायातच होता. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली, आणि पुढील पंचवीस वर्षांत ते खरोखरच विणले गेले. आज त्यांची संख्या हजाराच्या वर आहे. शुल्क कमी, प्रवेश जवळजवळ मुक्त, वर्ग सकाळी तसेच संध्याकाळी. त्यामुळे दिवसा नोकरी करणारे, मुलेबाळे असणारे, घराण्यात प्रथमच कॉलेजची पायरी चढणारे, स्पॅनिश भाषक, कृष्णवर्णीय आणि नवागत अशा सर्वांची येथे वर्दळ असते. शाळांना ज्या वर्गातून शिक्षक हवे असतात तो वर्ग येथेच बसलेला असतो.

या प्रश्नाचे मूळ मात्र कम्युनिटी कॉलेजाच्याही मागे जाते. मॅसॅच्युसेट्समधील लेक्झिंग्टन येथे होरेस मान यांच्या प्रेरणेने १८३९ साली पहिली सरकारी नॉर्मल स्कूल उघडली तेव्हा पहिल्या दिवशी तीन विद्यार्थिनी हजर होत्या. सायरस पियर्स हे तिचे पहिले मुख्याध्यापक. अल्प मुदतीत, थोड्या खर्चात, खेड्यापाड्यांतील मुलींना शिक्षिका करणारी ही संस्था देशभर पसरली, आणि पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत ती एकेक पायरी चढत टीचर्स कॉलेज, मग राज्य कॉलेज आणि शेवटी राज्य विद्यापीठ झाली. या चढणीत तिने पुष्कळ मिळवले, परंतु आपली मूळ जागा सोडली; गावाजवळची, स्वस्त, सामान्य घरातील मुलीला सहज गाठता येणारी संस्था ही जागा मोकळी पडली आणि ती नकळत ज्युनिअर कॉलेजाने व्यापली. जागा मिळाली तरी शिक्षक घडविण्याचे मुखत्यारपत्र मात्र मिळाले नाही. कॅलिफोर्नियात तर १९६० च्या मास्टर प्लॅनने विद्यापीठ, राज्य कॉलेज आणि ज्युनिअर कॉलेज अशी तीन मजल्यांची रचना कायम केली आणि १९७० च्या रायन कायद्याने शिक्षकाचे व्यावसायिक शिक्षण विषयाच्या पदवीनंतर ढकलले. तेव्हा तळमजल्यावरील कॉलेजाने भावी शिक्षकासाठी नेमके काय करावे हे कोणत्याच कागदात लिहिलेले राहिले नाही. महाराष्ट्रात बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका घेऊन प्राथमिक शिक्षक होता येते, आणि त्या पदविकेच्या विद्यालयांबद्दल आपल्या तक्रारी कितीही असल्या तरी तेथे जबाबदारी कोणाची याबद्दल संशय नसतो. अमेरिकेत पहिलीच्या शिक्षिकेलाही पदवी लागते असा सर्वसाधारण नियम असल्यामुळे तेथील दोन वर्षे कोणाच्याच नावावर चढत नाहीत.

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजाच्या अभ्यासावरून जो निबंध लिहिला तो या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाला ओलांडूनच जावे लागते. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे: मुक्त प्रवेशाने ज्यांच्या आकांक्षा जागृत झाल्या, त्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना पदवी झेपणार नाही असे संस्थेला वाटते त्यांना ती स्पष्ट नकार देत नाही; चाचण्या, सल्लागार, पायाभूत वर्ग यांच्या वाटेने त्यांची उमेद हळूहळू निववते आणि शेवटी त्यांनी स्वतःच आपले ध्येय लहान केले असा देखावा उभा राहतो. क्लार्क यांचा सूर निषेधाचा नव्हता. पुढील टीकाकारांनी मात्र त्याचे आरोपपत्र केले. गणिताच्या बाबतीत हे निदान फार बोलके आहे, कारण उमेद निववण्याचे काम या कॉलेजांत सर्वाधिक कोणी केले असेल तर ते गणिताच्या पायाभूत वर्गांनी. प्रवेशाच्या वेळी एक चाचणी, तीत उणे पडल्यास अंकगणितापासून बीजगणितापर्यंत दोन-तीन आणि क्वचित चार सत्रांची उतरंड, आणि त्या सत्रांचे श्रेयांक पदवीत धरले जायचे नाहीत. पैसे आणि वर्षे मात्र खर्चच. प्राथमिक शिक्षिका होण्याच्या इच्छेने आलेली मुलगी या उतरंडीतच गळाली तर तिची नोंद गणितात नापास अशी होते, एक शिक्षिका गमावली अशी होत नाही. २०१७ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून विद्यार्थ्याला एका वर्षाच्या आत पदवीच्या दर्जाचे गणित पुरे करण्याची जास्तीत जास्त संधी मिळेल अशा रीतीने त्याची जागा ठरवावी, आणि त्यासाठी हायस्कुलातील गुण विचारात घ्यावेत, असे कॉलेजांवर बंधन घातले. या कायद्यावर प्राध्यापकांत अजून वाद आहेत, आणि कच्च्या पायाच्या विद्यार्थ्याला थेट वरच्या वर्गात बसवल्याने त्याचे भले होते की नुकसान, याबद्दलची त्यांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि जुन्या उतरंडीचा बचाव करण्यास आता फारसे कोणी उभे राहत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

केंद्र सरकारचे लक्ष या कॉलेजांकडे वळण्यास फार उशीर लागला. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक आकाशात गेला, १९५८ साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला, नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या उन्हाळी वर्गांना हजारो हायस्कूल-शिक्षकांनी हजेरी लावली. परंतु तो सारा व्यवहार विद्यापीठे आणि नोकरीत असलेले शिक्षक यांच्यामधला होता. १९८३ साली शालेय शिक्षणाच्या ऱ्हासाचा इशारा देणारा आयोगाचा अहवाल गाजला, त्यातही दोन वर्षांच्या कॉलेजांना गौणच स्थान होते. १९९२ च्या कायद्याने फाउंडेशनला तंत्रज्ञांच्या शिक्षणासाठी या कॉलेजांशी प्रथमच मोठ्या प्रमाणावर संबंध जोडावा लागला, आणि त्या संबंधातूनच, काहीशा आडवाटेने, भावी शिक्षकांचा विषय पुढे आला. त्याच दशकात शिक्षक-प्रशिक्षणाच्या सुधारणेसाठी फाउंडेशनने विद्यापीठांचे जे सहकार-गट उभे केले त्यांतील काहींनी शेजारची कॉलेजे बरोबर घेतली. १९९८ साली या एकाच प्रश्नावर एक परिषद भरली आणि तिचा अहवाल पुढील वर्षी प्रसिद्ध झाला. २००० साली अंतराळवीर व माजी सिनेटर जॉन ग्लेन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची टंचाई राष्ट्रीय संकट म्हणून मांडली. २००२ साली या कॉलेजांतील शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमांची एक राष्ट्रीय संघटना ॲरिझोनात स्थापन झाली. या सर्व उद्योगांतून चांगली कामे झाली यात शंका नाही. कॅलिफोर्नियातील सेरिटोस किंवा वॉशिंग्टन राज्यातील ग्रीन रिव्हर या कॉलेजांनी विद्यापीठांशी हातमिळवणी करून उभारलेले कार्यक्रम त्या काळी नमुन्यादाखल सांगितले जात. पण अनुदानाची मुदत तीन ते पाच वर्षे, आणि कार्यक्रमाचा प्राण बहुधा एखादा उत्साही प्राध्यापक. मुदत संपली आणि प्राध्यापक निवृत्त झाला की काय उरते, याची चौकशी अनुदान देणाऱ्या खात्याच्या कक्षेत सहसा येत नसे.

आता मूळ गाभ्याकडे येऊ. या प्रश्नावर शिष्यवृत्त्या, करारनामे आणि प्रवेशांचे आकडे यांविषयी जेवढे लिहिले गेले आहे त्याच्या एक-दशांशही, ‘प्राथमिक शिक्षकांसाठी गणित’ या तीन श्रेयांकांच्या साध्या दिसणाऱ्या अभ्यासक्रमाविषयी लिहिले गेलेले नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तेथेच आहे. लिपिंग मा या चिनी विदुषीच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अमेरिकेतील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना घातलेल्या चार प्रश्नांचा वृत्तांत आहे. त्यांतला एक असा: पावणेदोनास अर्ध्याने भागा, आणि त्या भागाकाराला साजेसे एक व्यवहारातील उदाहरण रचून दाखवा. चीनच्या सर्व शिक्षकांचे उत्तर बरोबर आले. अमेरिकन शिक्षकांपैकी निम्म्यांनाही ते साधले नाही, आणि उदाहरण रचताना तर त्यांतल्या पुष्कळांनी अर्ध्याने भागणे आणि दोघांत निम्मे वाटणे यांची गल्लत केली. आमच्या वडीलधाऱ्यांनी पावकी, निमकी, औटकी घोकलेली असल्यामुळे साडेतीन हे उत्तर त्यांच्या जिभेवर असे; परंतु पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले तर तीन पिशव्या भरून चौथी निम्मी होते, एवढे चित्र त्या घोकंपट्टीतून आपोआप उभे राहत होते असे छातीवर हात ठेवून सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मा यांच्या ग्रंथातील खरी चपराक पुढे आहे. त्यांचे चिनी शिक्षक पदवीधर नव्हतेच. नववीनंतर दोन-तीन वर्षे नॉर्मल स्कुलात काढून ते शिकवू लागले होते. अमेरिकन शिक्षक सगळे पदवीधर. तेव्हा शिक्षणाची वर्षे वाढवल्याने अपूर्णांक समजतात, ही समजूत त्या एका प्रश्नाने पार ढासळून पडते.

गणितज्ञांच्या संस्थांनी यातून धडा घेतला. त्यांच्या संयुक्त मंडळाने २००१ सालच्या अहवालात म्हटले की, प्राथमिक शिक्षकाने शालेय गणितातील मूलभूत कल्पनांचा निदान ९ श्रेयांकांचा, म्हणजे साधारण तीन सत्रे पुरेल इतका, अभ्यास करावा. २०१२ च्या दुसऱ्या अहवालात ते प्रमाण १२ वर नेण्यात आले. दोन वर्षांच्या कॉलेजांतील गणिताच्या प्राध्यापकांची संघटना १९७४ पासून अस्तित्वात आहे, आणि तिनेही १९९५ सालच्या आपल्या मानकांत पाठांतरापेक्षा समजेवर भर देणाऱ्या अध्यापनाचा पुरस्कार केला. कागदावर सारे ठीकच. पण प्रत्यक्ष वर्गात काय होते? हे बारा श्रेयांक शिकवणार कोण, तर बहुतेक ठिकाणी गणितात एम.ए. अथवा एम.एस. झालेला, तासांवर नेमलेला, एकाच आठवड्यात दोन-तीन कॉलेजांत शिकवून संसार चालवणारा प्राध्यापक, ज्याने स्वतः दुसरी-तिसरीच्या मुलांना कधी शिकवलेले नाही आणि ज्याला वजाबाकीतील हातच्याचे मर्म समजावून सांगणे हे कलन शिकवण्याइतकेच, कदाचित त्याहून अधिक, अवघड काम आहे असे कोणी कधी सांगितलेले नाही. नेमणुकीचा शिरस्ता गणितातील पदवी विचारतो, अध्यापनातील अनुभव विचारत नाही. उलट शिक्षणशास्त्राच्या विभागातून आलेला माणूस गणितात कच्चा पडण्याचा धोका असतो. ली शुलमन यांनी १९८६ साली विषयाचे ज्ञान आणि तो शिकवण्याचे ज्ञान यांच्या मधल्या तिसऱ्या ज्ञानाकडे लक्ष वेधले, डेबोरा बॉल यांनी गणितापुरते त्याचे बारकाईने पृथक्करण केले. परंतु या तिसऱ्या ज्ञानाच्या माणसासाठी कॉलेजाच्या नोकरपत्रकात अद्याप जागा नाही.

शिकणाऱ्यांचीही बाजू पाहिली पाहिजे. प्राथमिक शिक्षिका होऊ पाहणाऱ्यांत कित्येक जणी अशा असतात की त्यांनी आठवी-नववीपासून गणिताला भिऊनच हा मार्ग पत्करलेला असतो. त्यांना पुन्हा त्याच रीती वेगाने सांगितल्या तर भीती पक्की होते, आणि पुढे तीस वर्षे ती त्यांच्या वर्गातील मुलांत वाटली जाते. उलट, ठोकळे, पट्ट्या, आकृत्या हाताळून, आपल्याच उत्तराचे कारण शेजारणीला पटवून देण्याची सक्ती असलेल्या वर्गात ज्यांना प्रथमच गणित समजले, त्यांचा कायापालट झाल्याच्या हकिकती या क्षेत्रातील जुने प्राध्यापक आवर्जून सांगतात. हकिकती म्हणजे पुरावा नव्हे, हे खरे. परंतु लहान वर्ग, संशोधनाच्या ओझ्यातून मुक्त असा अध्यापक आणि शिकवणे हाच ज्याचा पेशा अशी संस्था या तिन्ही गोष्टी कम्युनिटी कॉलेजापाशी आहेत, आणि मोठ्या विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या सभागृहात त्या नाहीत.

विज्ञानाची अवस्था थोडी निराळी. येथे भीतीपेक्षा भ्रम हा शत्रू. १९८७ साली हार्वर्डच्या पदवीदान समारंभाच्या वेळी चित्रित केलेल्या माहितीपटात, ऋतू का बदलतात वा चंद्राच्या कला कशाने होतात असे विचारलेल्या २३ जणांपैकी २१ जण अडखळले. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा होतो, हे उत्तर त्यांच्या झगझगीत पोशाखांतून मोठ्या आत्मविश्वासाने आले. भावी प्राथमिक शिक्षकाला भौतिक, जीव आणि भूविज्ञान या तिहींची गरज असते, विशेषतः २०१३ सालच्या नव्या विज्ञान-मानकांनंतर. आणि कॉलेजे त्याला देतात त्या बहुधा तीन वेगळ्या विभागांची तीन ओळखपर व्याख्यानमाला, ज्यांत पारिभाषिक शब्दांचा पाऊस पडतो. वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट यांच्या गटाने शिक्षकांसाठी तयार केलेल्या भौतिकशास्त्राच्या पाठांत व्याख्यानच नाही: एक सेल, एक तार, एक बल्ब देऊन तो पेटवण्यास सांगायचे आणि प्रवाहाविषयीची प्रत्येक कल्पना विद्यार्थ्याकडूनच उभी करवून घ्यायची. ज्या कॉलेजांनी या धर्तीचे एकात्म विज्ञान-वर्ग चालवले त्यांच्यापुढे अडचण आली ती निराळीच. विद्यापीठाच्या दप्तरात असा विषय नसल्यामुळे, सर्वांत चांगला शिकवलेला वर्ग ऐच्छिक म्हणून जमा केला जाई आणि विद्यार्थिनीला तेच शास्त्र जुन्या पद्धतीने पुन्हा शिकावे लागे.

माध्यमिक शाळांच्या शिक्षकांबद्दल मात्र तक्रारीचे स्वरूप पालटते. हायस्कुलात गणित किंवा भौतिकशास्त्र शिकवू शकेल असा विद्यार्थी कम्युनिटी कॉलेजात कलन, रैखिक बीजगणित, विकल समीकरणे उत्तम रीतीने शिकतो. त्याला गळाला लावणारे अभियांत्रिकीचे विभाग मात्र शेजारीच बसलेले असतात, आणि तू शिक्षक हो असे त्याला कोणीही म्हणत नाही. हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या निम्म्याहून अधिक शिक्षकांची पदवी त्या विषयातील नसते, याचे एक कारण हेच. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने १९९७ साली यूटीच हा कार्यक्रम काढला, त्यातील कल्पना साधी होती: विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षापर्यंत न थांबवता पहिल्याच सत्रात प्राथमिक शाळेच्या वर्गापुढे उभे करावे, म्हणजे हा पेशा आपल्याला मानवतो की नाही हे त्याला लवकर कळेल. ही कल्पना कम्युनिटी कॉलेजाला तर फारच सोयीची, कारण त्याच्या आवारापासून शाळा दूर नसतात. परंतु पैशाची वाट उलट दिशेने वाहते. २००२ च्या कायद्याने निघालेली रॉबर्ट नॉइस शिष्यवृत्ती घेणाऱ्याने प्रत्येक वर्षाच्या मदतीबद्दल दोन वर्षे गरजू शाळांत नोकरी करायची असते, हे रास्तच. पण तिची मूळ आखणी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी झाली आणि पहिल्या दोन वर्षांच्या वाट्याला उन्हाळ्यातील सवेतन उमेदवारी तेवढी आली. २००७ सालच्या टीच अनुदानाची कथा याहून खेदजनक. वर्षाला ४,००० डॉलरपर्यंतची रक्कम, आठ वर्षांच्या आत चार वर्षे टंचाईचा विषय गरीब वस्तीतील शाळेत शिकवण्याची अट, आणि अट मोडल्यास सारी रक्कम सव्याज कर्ज. अट पाळणाऱ्या हजारो शिक्षकांचेही अनुदान, वार्षिक दाखला काही दिवस उशिरा पोहोचला किंवा त्यावर एखादी सही राहिली म्हणून, कर्जखाती वर्ग करण्यात आले. २०१८ साली एका वृत्तसंस्थेने हे उजेडात आणल्यावर शिक्षणखात्याला ते प्रकरण निस्तरावे लागले. गरिबाघरच्या तरुणाने अशा अनुदानाच्या कागदावर सही करताना दहा वेळा विचार केला, तर त्याला दोष कसा द्यावा?

सगळ्यांत रुक्ष, परंतु टाळता न येणारी बाब म्हणजे श्रेयांकांची बदली. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के आपण पदवी घेणार असे सांगतात, आणि सहा वर्षांत ती खरोखर घेणारे शंभरात पंधराच्या आसपास असतात. एका संस्थेतून दुसरीत जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया जातात, असा अंदाज अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०१७ साली २००४ ते २००९ मधील विद्यार्थ्यांवरून काढला. शिक्षकाच्या बाबतीत ही गळती अधिक जाचक होते, कारण त्याचा अभ्यासक्रम विषय, अध्यापनशास्त्र आणि परवान्याचे नियम अशा तीन धन्यांचा चाकर. पुष्कळ राज्यांत कॉलेजाने प्रत्येक विद्यापीठाशी, प्रत्येक विषयासाठी वेगळा करार करण्याचा प्रघात पडला; विद्यापीठातील विभागप्रमुख बदलला की करार शिळा. मेरीलँडने या शतकाच्या आरंभी जे केले ते म्हणूनच मला सर्वांत मोलाचे वाटते. तेथे शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन वर्षांची एक स्वतंत्र पदवी निघाली, आणि ती ठरवताना या कॉलेजातील अमुक विषय त्या विद्यापीठातील तमुक विषयाशी जुळतो का ही घासाघीस सोडून, विद्यार्थ्याला काय आले पाहिजे यावर दोन्ही बाजूंच्या अध्यापकांनी एकत्र बसून मसुदा केला. नंतर राज्यातील विद्यापीठांनी ती पदवी अखंड स्वीकारायची. प्राथमिकनंतर गणित, रसायन, भौतिकशास्त्र अशा माध्यमिक विषयांसाठीही तिची रूपे तयार झाली. यात चमकदार असे काही नाही, आणि म्हणूनच एखादा प्राध्यापक निवृत्त झाला तरी ती योजना टिकते. कॅलिफोर्नियाने २०१० च्या कायद्याने बदलीच्या पदव्या सुरू केल्या, त्यांत प्राथमिक शिक्षकांसाठीही एक आहे.

काही कॉलेजांनी बदलीचा प्रश्नच मुळातून तोडला: आपणच चार वर्षांची पदवी देऊ लागली. नेव्हाडातील एल्को हे गाव रीनोच्या विद्यापीठापासून सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर, वाळवंटी मुलखात. तेथील ग्रेट बेसिन कॉलेजाने १९९९ साली प्राथमिक शिक्षकांची पदवी सुरू केली, कारण बाहेरून आलेला शिक्षक तेथे टिकत नव्हता. फ्लोरिडाने २००१ साली कायद्यानेच वाट मोकळी केली. सेंट पीटर्सबर्ग कॉलेज प्रथम पुढे झाले आणि २००३ साली मायामी-डेड कॉलेजाने माध्यमिक गणित व विज्ञान-शिक्षकांच्या पदव्या आरंभल्या. दोघांनीही आपल्या नावातील जुने विशेषण काढून टाकले, हे लक्षात ठेवण्याजोगे. नॉर्मल स्कुलांनीही हेच केले होते. माँटानातील सॅलिश कूटेने या आदिवासींच्या कॉलेजाने विज्ञान व गणिताच्या शिक्षकांचे शिक्षण हाती घेतले, त्याचे समर्थन मात्र वेगळ्या भूमीवर उभे आहे: आपल्या मुलांना आपल्यातील माणसाने शिकवावे, ही तेथील मागणी. मला या पदव्यांविषयी आक्षेप नाही. भीती इतकीच की वरच्या दोन वर्षांच्या हौसेत पहिल्या दोन वर्षांतील अपूर्णांकांच्या वर्गाकडे पुन्हा दुर्लक्ष होईल.

अमेरिकन शिक्षक घरापासून लांब जात नाही, ही गोष्ट या सर्व योजनांच्या मुळाशी आहे. न्यूयॉर्क राज्यातील नोंदी तपासून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, नव्या शिक्षकांपैकी ६१ टक्क्यांनी आपली पहिली नोकरी आपल्या गावापासून १५ मैलांच्या आत धरली होती. मग ज्या वस्तीत शिक्षक हवा त्याच वस्तीतील माणूस तयार करावा, हे ओघानेच आले. शिकागोच्या लोगन स्क्वेअर भागातील रहिवाशांच्या संघटनेने शाळेत मदतनीस म्हणून राबणाऱ्या आयांना शिक्षिका करण्याचे जे काम उभारले, त्यावरून इलिनॉयने २००४ साली कायदा केला. २०२२ च्या जानेवारीत टेनेसीने शिक्षकाची उमेदवारी केंद्रीय मजूरखात्याच्या नोंदणीखाली आणली: दिवसा शाळेत पगारी काम, अनुभवी शिक्षकाची देखरेख, संध्याकाळी कॉलेज, आणि शेवटी कर्जाशिवाय पदवी. अनेक राज्ये लगोलग त्या वाटेला लागली. प्राथमिक आणि विशेष शिक्षणाच्या वर्गांना या योजनेतून माणसे मिळत आहेत, आणि त्यांतील अनेकांची पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजातच जातील. भौतिकशास्त्राचा किंवा वरच्या गणिताचा शिक्षक या वाटेने येण्यास अडचण अशी की, अमूर्त बीजगणित किंवा विद्युत्चुंबकत्व यांचे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे वर्ग विद्यापीठांत भरदिवसा भरतात, लहान विद्यापीठांत तर वर्षाआड. शाळेत साडेतीनपर्यंत अडकलेल्या मदतनिसाला ते गाठता येत नाहीत. ते वर्ग संध्याकाळी, थोड्या विद्यार्थ्यांसाठी चालवण्यास कोणती विद्यापीठे राजी होतात आणि त्यांचा तोटा शिक्षणखात्याने सोसावा की मजूरखात्याने, याच्या वाटाघाटी आता कोठे सुरू होत आहेत.